सायकलचा चोरी-अलार्म: आधी त्याला गप्प बसायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याची सायकल कॉलेजच्या स्टँडवरून चोरीला गेली. नव्या सायकलसाठी त्याने आर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा बोर्ड, एसडब्ल्यू-४२० हे व्हायब्रेशन मोड्यूल, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि बझर जोडून अलार्म केला. बॅटरी एका रात्रीत संपते आणि शेजारी बुलेट सुरू झाली तरी अलार्म वाजतो, या त्याच्या दोन तक्रारी आहेत. शिवाय सायकल कुठे आहे ते मोबाइलवर दिसावं अशी इच्छा आहे. काय बदलू, असं विचारलं आहे.

बॅटरीवर चालणारे अलार्म डिझाइन करणं हे माझं रोजचं काम आहे. दुचाकींचे, गोदामांच्या शटरचे, शेतातल्या पंपांचे अलार्म मी करते. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या दोन तक्रारी मुळात एकच आहेत. सायकलचा अलार्म वर्षातले जवळजवळ सगळे तास काहीही न करता बसून असतो. चोरीच्या त्या अर्ध्या मिनिटात तो जिवंत असायला हवा, आणि तोपर्यंत उगाच इतक्यांदा वाजलेला नसावा की वॉचमन ऐकूनही मान वर करणार नाही. म्हणजे गप्प बसणं हेच त्याचं मुख्य काम आहे. तुमच्या सर्किटला ना झोपता येतं, ना कशाकडे दुर्लक्ष करता येतं. म्हणून बझर मोठा घेऊन किंवा बॅटरी मोठी घेऊन हे सुटणार नाही.

आधी विजेचा हिशेब मांडू. उनोचा बोर्ड काही न करताही साधारण ४५ ते ५० मिलिअँपिअर खातो. चांगल्या अल्कलाइन ९ व्होल्ट बॅटरीत जेमतेम ५०० मिलिअँपिअर-तास असतात. भागाकार केला की १० तास येतात, म्हणजे तुमची एक रात्र. त्यातही बोर्डावरचा रेग्युलेटर ९ चे ५ व्होल्ट करताना मधले ४ व्होल्ट नुसते उष्णतेत घालवतो. एसडब्ल्यू-४२० च्या मोड्यूलवर एलएम३९३ कंपॅरेटर आहे आणि सतत पेटलेला एक एलईडीही आहे. तो बारीकसा एलईडी एक मिलिअँपिअरच्या आसपास घेतो. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आपण जे बनवणार आहोत ते अख्खं सर्किट झोपेत त्याच्या शंभराव्या हिश्शात बसवायचं आहे.

नवीन काही विकत घ्यायच्या आधी उनोच्या सॉकेटमधली २८ पायांची एटीमेगा३२८पी चिप, म्हणजे बोर्डाचा मायक्रोकंट्रोलर, बाहेर काढा. खादाड बोर्ड आहे, चिप नाही. ती ३.३ व्होल्टवर, स्वतःच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर चालवा. बाहेरचा १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३.३ व्होल्टवर तिच्या मर्यादेबाहेर जातो, तो लावू नका. फ्यूज (चिपच्या आतल्या कायम सेटिंग) बदलून प्रोग्राम एकदा प्रोग्रामरने भरला की काम झालं, कोड तुम्हाला सवयीच्या आर्डुइनोतच लिहिता येतो. पॉवर-डाउन झोपेत, वॉचडॉग (ठरावीक वेळाने चिपला उठवणारा आतला टायमर) बंद असताना, ही चिप एका मायक्रोअँपिअरपेक्षाही कमी घेते. पण त्यासाठी तीन गोष्टी स्वतःहून बंद कराव्या लागतात: झोपण्याआधी एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग), ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की चिप रीसेट करणारा), आणि अधांतरी सोडलेले पाय. एडीसी चालू राहिला तर एकटाच दोनशे-तीनशे मायक्रोअँपिअर खातो. रिकामे पाय हवेत सोडले की ते मधल्याच कुठल्यातरी व्होल्टेजवर लटकतात आणि आतून करंट वाहू लागतो. प्रत्येक रिकाम्या पायाला आतला पुल-अप, म्हणजे पाय वरच्या व्होल्टेजला बांधून ठेवणारा रेझिस्टर, द्या. झोपेचा करंट जास्त दिसतोय म्हणून सर्किट घेऊन येणाऱ्यांच्या बोर्डात मला बहुतेक वेळा याच तिघांपैकी एक सापडतं.

बॅटरी म्हणून पहिल्या नमुन्यात साधे तीन एए अल्कलाइन सेल घ्या. ४.५ व्होल्ट मिळतात, भोंग्याला लागणारे दोन-तीनशे मिलिअँपिअर ते सहज देतात, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतात. १८६५० लिथियम सेल मोहात पाडतो हे मला माहीत आहे, पण सायकल उन्हात उभी असते. विदर्भात मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतात, काळ्या बंद डबीत त्याहून कितीतरी जास्त. बहुतेक लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं उत्पादकच सांगतात. सोलर पॅनेल लावून उन्हात चार्जिंग करणारे प्रोजेक्ट म्हणूनच मला पटत नाहीत. लिथियम वापरायचाच असेल तर प्रोटेक्शन असलेला सेल घ्या आणि डबी घरी आणून सावलीत चार्ज करा. सीआर२०३२ बटण-सेल तर विसराच. त्यात २२० मिलिअँपिअर-तास असले तरी आतला रोध इतका की भोंगा ओढला की व्होल्टेज कोसळतं.

४.५ चे ३.३ व्होल्ट करायला ७८०५ किंवा एएमएस१११७ लावू नका. ते स्वतःच्या पोटासाठीच ५ मिलिअँपिअरच्या आसपास घेतात. एमसीपी१७०० नावाचा छोटा तीन पायांचा रेग्युलेटर १.६ मायक्रोअँपिअरमध्ये भागवतो. त्याला ६ व्होल्टच्या वर देता येत नाही, आपल्याला तितके लागतही नाहीत. भोंगा मात्र थेट सेलवर ठेवा, रेग्युलेटरमागे नको.

आता खोट्या गजरांकडे येऊ. इथे जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. व्हायब्रेशन स्विच “हलली का?” एवढंच विचारतो. स्टँडवरची सायकल दिवसभर हलतेच. शेजारची सायकल काढताना हँडल अडकतं, बस गेली की फरशी थरथरते, वारा सुटतो, मांजर सीटवर उडी मारतं. पोटेंशिओमीटर फिरवून संवेदनशीलता कमी केली की बुलेटला वाजत नाही, पण हलक्या हाताने सायकल उचलणाऱ्यालाही वाजत नाही. या स्विचमध्ये मधला योग्य बिंदू नाहीच, कारण बुलेटचा हादरा चोराच्या हातापेक्षा जोरदार असतो. आपल्याला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: सायकल जागेवरून निघाली का? ती निघते तेव्हा दोनच गोष्टी होतात. एक तर ती उचलली जाते आणि तिचा कल बदलतो, नाहीतर चाक फिरतं. या दोन्ही गोष्टी नेमक्या मोजता येतात, आणि बुलेट त्यातली एकही करू शकत नाही.

कल मोजायला ॲक्सेलेरोमीटर हवा. बाजारात एमपीयू६०५० सर्वात सहज मिळतो, पण त्यातला जायरो आपल्या कामाचा नाही आणि तो चालू राहिला तर चिप जवळजवळ ४ मिलिअँपिअर घेते. एलआयएस३डीएच घ्या. लो-पॉवर अवस्थेत सेकंदाला १० वेळा मोजताना तो सुमारे ३ मायक्रोअँपिअर घेतो, आणि त्याला स्वतःचे इंटरप्ट, म्हणजे चिपला उठवणाऱ्या खुणेच्या तारा, आहेत. मायक्रोकंट्रोलर झोपलेला असताना हा पहारा देतो आणि हालचाल दिसली की उठवतो. मोड्यूल कुठलंही आणलं तरी त्यावरचा पॉवर एलईडी सोल्डरिंग आयर्नने उचकटून काढा, नाहीतर वरचा सगळा हिशेब वाया जाईल. बोर्डावर वेगळा रेग्युलेटर असेल तर त्यालाही वळसा द्या. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे असली मोड्यूलं मिळतात. घेताना बोर्ड हातात घेऊन त्यावर काय काय बसवलंय ते बघा.

या सेन्सरमध्ये हाय-पास फिल्टर आहे. इंटरप्टसाठी तो चालू केला की गुरुत्वाकर्षणाचा स्थिर भाग वजा होतो आणि फक्त बदल उरतो. उठवण्याची पातळी पाच-सहा पायऱ्यांवर ठेवा. ±२ जी च्या पल्ल्यात (१ जी म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण) एक पायरी १६ मिली-जी, म्हणजे ८० ते ९६ मिली-जी. ही पातळी फक्त जागं होण्यासाठी आहे, वाजण्यासाठी नाही. बुलेटला चिप जागी होऊ दे, त्याने बिघडत नाही. जागी झाल्यावर तिने बघायचं, काही घडलेलं नाही हे ओळखायचं आणि पुन्हा झोपायचं.

कलाचं गणित सोपं आहे. अलार्म लावताना तिन्ही अक्षांची मोजमापं आठ वेळा घेऊन सरासरी साठवा. ही सायकलची बसण्याची मुद्रा. जाग आल्यावर पुन्हा तशीच सरासरी काढा आणि प्रत्येक अक्षातल्या फरकाचे वर्ग करून बेरीज करा. सायन-कोसाइन लागत नाहीत, दशांश अपूर्णांकही नाहीत. १२ अंशांचा कल झाला तर दोन दिशांमधलं अंतर सुमारे ०.२०९ जी येतं. १६ मिली-जीच्या पायरीत ते १३, आणि त्याचा वर्ग १६९. बेरीज १७० च्या वर गेली आणि एक सेकंद तशीच राहिली, तर सायकल खरंच कललेली आहे. १२ अंश का, तर साधारण १.१ मीटरच्या व्हीलबेसवर मागचं चाक २३ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर वीतभर उचललं की एवढा कल होतो. मागच्या चाकाला रिंगलॉक असलेली सायकल कॅरिअरला धरून पुढच्या चाकावर ढकलत नेतात, तेव्हा मागचं चाक सहज इतकं वर येतं. साइड-स्टँडवरची सायकल नुसती सरळ केली तरी कल बदलतो. तुमच्या सायकलला तो किती आहे हे मोजून मग आकडा थोडा खालीवर करा.

पण जुन्या घडणीच्या, मागच्या दुहेरी स्टँडवर उभ्या राहणाऱ्या सायकलला ही युक्ती पुरत नाही. स्टँडवरून पुढे ढकलली की मागचं चाक चारेक सेंटिमीटर खाली येतं, म्हणजे फक्त दोन अंशांचा फरक. रिंगलॉक तोडलेलं असेल तर ती सरळ ढकलत नेता येते आणि कल मोजणारा सेन्सर काहीच बोलत नाही. इथे चाकाची साक्ष लागते. मागच्या चिमट्याला एक रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा) आणि स्पोकवर लोहचुंबक, सायकलच्या स्पीडोमीटरला असतं तसं. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास असतो. एकच चुंबक लावला तर सायकल तेवढी पुढे गेल्यावर पहिली खूण मिळेल, म्हणून समान अंतरावर तीन लावा. स्विच उघडा आहे की मिटलेला याला अर्थ देऊ नका, तो बदलला याला द्या, कारण सायकल उभी करताना चुंबक नेमका स्विचसमोरही येऊ शकतो. तसं झालं तर पुल-अपमधून रात्रभर करंट वाहतो, म्हणून पुल-अप १ मेगाओहमचा ठेवा. मग ३.३ मायक्रोअँपिअरच जातात.

तिसरा पहारा ऐच्छिक आहे, पण मला आवडतो. केबल-लॉकच्या आवरणातून दोन बारीक तारा नेऊन टोकाला एक रेझिस्टर लावायचा. केबल कापली की वाट तुटते. चोराने तारा ओळखून आधी जोडून टाकल्या तरी रेझिस्टर गायब होतो आणि व्होल्टेज बदलतं. घरफोडीच्या अलार्ममध्ये दारा-खिडक्यांची वायर हीच पद्धत वापरते. इथे ४७० किलोओहमचे दोन घ्या, एक डबीत आणि एक केबलच्या टोकाला. त्यांना सतत वीज देऊ नका. मायक्रोकंट्रोलरच्या एका पायातून द्या, जाग आली की पाय वर करा, मोजा, लगेच खाली करा. कापायला सुरुवात केली की केबल हलणारच, आणि जाग येणारच.

हे सगळं एका प्रोग्राममध्ये बांधताना मी चार अवस्था ठेवते, आणि कोडमध्ये त्यांची नावं मराठीतच लिहिते: निजलेला, सावध, इशारा, बोंब. हालचाल झाली की निजलेला सावध होतो आणि दोन सेकंद कल, चाक आणि केबल बघतो. काही नसेल तर परत निजतो. कल किंवा चाकाच्या दोन खुणा दिसल्या तर इशारा, म्हणजे तीन सेकंद तुटक बारीक आवाज. यात मालक असेल तर त्याला किल्ली लावायला वेळ मिळतो, आणि चुकून हात लावणारा बाजूला होतो. तीन सेकंदांनंतरही परिस्थिती तीच, तर बोंब, ३० सेकंद. केबल तुटली असेल तर इशारा वगळून थेट बोंब. बोंब संपल्यावर थोडं थांबून नवी मुद्रा साठवायची. वाऱ्याने सायकल आडवी पडली असेल तर ती आता आडवी हीच तिची मुद्रा, नाहीतर सकाळपर्यंत वाजत राहील. चाक फिरतच असेल तर मात्र पुन्हा बोंब.

इथे एक खाचखळगा आहे. भोंगा वाजला की डबी थरथरते, सेन्सरला ती हालचाल वाटते आणि अलार्म स्वतःच स्वतःला वाजवत बसतो. म्हणून बोंब चालू असताना आणि नंतर दोन सेकंद सेन्सरचे उठवणारे इशारे विचारातच घेऊ नका.

तीस सेकंद कमी वाटतील, पण रात्री १० ते सकाळी ६ च्या शांततेला आपल्याकडे कायद्याचं पाठबळ आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले, आणि निवासी भागातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर वाजणारा अलार्म शेजारी एकदाच सहन करतील. दुसऱ्या वेळी ते तुम्हाला तो काढायला लावतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

भोंग्याबद्दल सांगायचं तर पाकिटावर छापलेल्या डेसिबलला भुलू नका, अंतर किती ते वाचा. १० सेंटिमीटरवर ११० डेसिबल म्हणजे १ मीटरवर ९० आणि १० मीटरवर ७०. अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. कानाला सर्वात तीव्र ऐकू येणारा पट्टा २ ते ४ किलोहर्ट्झचा आहे, आणि पिझोची (व्होल्टेज दिलं की कंप पावणाऱ्या चकतीची) अनुनादाची जागाही तिथेच असते. नुसती पिझोची चकती मिळमिळीत वाजते. तिला पुढे बारीक भोक असलेली पोकळी द्या, किंवा सरळ पोकळीसकट तयार भोंगा घ्या. चकतीच वापरणार असाल तर तीन पायांचं छोटं ऑटोट्रान्सफॉर्मर कॉइल लावा. खिडकीच्या स्वस्त अलार्ममध्ये ते असतं. त्याने ४.५ व्होल्टचे कितीतरी पट व्होल्ट चकतीला मिळतात आणि आवाजातला फरक ऐकूनच कळतो. एका सुराऐवजी वरखाली होणारा सूर ठेवा. एकसुरी आवाजाची दिशा कानाला पटकन कळत नाही, आणि लोकांनी सायकलकडे वळून बघणं हाच भोंग्याचा सगळा उपयोग आहे.

भोंगा चालवायला बीसी५४७ नको, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. प्रयोगशाळेत सगळीकडे सापडणारा आयआरएफ५४० मॉस्फेटही (जास्त करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) नको, ३.३ व्होल्टवर त्याचं गेट, म्हणजे त्याला चालू करणारा पाय, नीट उघडत नाही. एओ३४०० किंवा लॉजिक-लेव्हलचा दुसरा एखादा घ्या. गेटपासून ग्राउंडला १०० किलोओहम लावा, कारण चिप रीसेट होत असताना तिचे पाय मोकळे असतात आणि तेवढ्यात भोंगा दचकून वाजतो.

आणि भोंगा चालू होताच सेलचं व्होल्टेज खाली बसतं. सेल जुने असतील तर चिप रीसेट होते, अलार्म लावलेला होता हे विसरते आणि ऐन चोरीत गप्प होते. चुकीच्या वेळचं हे गप्प बसणं सर्वात घातक. दोन उपाय एकत्र करा. रेग्युलेटरच्या आधी १एन५८१९ शॉट्की डायोड आणि त्यामागे कपॅसिटर, म्हणजे भोंग्याचा धक्का चिपपर्यंत पोचत नाही. आणि “लावलेला आहे” ही खूण ईईपीरॉममध्ये (चिपच्या वीज गेली तरी न पुसणाऱ्या स्मृतीत) लिहून ठेवा, म्हणजे वीज जाऊन आली तरी तो लावलेलाच उठतो. कपॅसिटर घेताना सांभाळा. ४७० मायक्रोफॅरडच्या स्वस्त इलेक्ट्रोलिटिकची गळतीच डेटाशीटप्रमाणे २० मायक्रोअँपिअरपर्यंत असू शकते, म्हणजे आपल्या अख्ख्या सर्किटच्या दुप्पट. १०० मायक्रोफॅरड पुरतात.

आता बेरीज करा. सेन्सर ३, रेग्युलेटर १.६, रीड स्विच वाईटात वाईट ३.३, चिप एकाहून कमी, किरकोळ गळती धरून १० मायक्रोअँपिअर. वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे ८८ मिलिअँपिअर-तास. एए सेलमध्ये दोन हजारांच्या वर असतात. खर्च झोपेचा नाही, जागेपणाचा आहे. वर्दळीच्या स्टँडवर दिवसाला ५०० वेळा जाग आली आणि प्रत्येक वेळी चिप २ सेकंद ४ मिलिअँपिअरवर जागी राहिली, तर दिवसाला १.१ मिलिअँपिअर-तास जातात, वर्षाला ४०० च्या आसपास. तरीही सेल दोन पावसाळे सहज काढतील. पण दोन मोजमापांच्या मधल्या वेळातही झोपवलंत तर हा खर्चही बराच खाली येतो.

अलार्म लावायचा-काढायचा कसा? ४३३ मेगाहर्ट्झचा रिमोट सगळ्यांच्या मनात येतो, पण रिमोटचा रिसीव्हर सतत कान उघडा ठेवतो आणि ४ ते ५ मिलिअँपिअर घेतो. शिवाय स्वस्त रिमोटचा कोड ठरलेला असतो, एकदा रेकॉर्ड केला की पुन्हा वाजवता येतो. माझी पसंती आयबटनला आहे. काही सोसायट्यांत रात्रीच्या गस्तीची नोंद करायला वॉचमन एक दांडी भिंतीवरच्या धातूच्या बटणाला टेकवतात, तेच हे बटण. डीएस१९९० जातीच्या बटणात ६४ बिटांचा स्वतःचा क्रमांक असतो. त्याला बॅटरी नाही, पाऊस-चिखलाचं भय नाही, आणि टेकवताच ते ओळीवर स्वतःहून हजेरीची खूण देतं. त्या खुणेनेच झोपलेली चिप जागी होते, म्हणजे वाट बघण्याचा खर्च शून्य. याचीही नक्कल करता येते, पण त्यासाठी आधी तुमचं बटण हातात यावं लागतं. सॉकेट डबीच्या खालच्या बाजूला बसवा, वर ठेवलंत तर पाणी साचून ओळ ग्राउंडला गळते.

डबी सीटखाली, सीटच्या रुळांना आतून बोल्टने बसवा. हँडलच्या किंवा सीटच्या नळीत लपवायची कल्पना छान वाटते, पण स्टीलच्या नळीतून आवाज बाहेर येत नाही. डबीचे स्क्रू असे ठेवा की सायकलवरून उतरवल्याशिवाय उघडता येऊ नयेत. कोणी ओढून काढलीच तर कल बदलतो आणि ती त्याच्या हातात वाजते. भोंग्याचं भोक खाली तोंड करून. भोवती सिलिकॉन लावाल तेव्हा व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसिड तांबं खातं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेलं घ्या. ग्लू-गनचा गोंद उन्हात मऊ पडतो. आणि बोर्डावरचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवून वर इन्सुलेटिंग वार्निश फवारा. ही नटवेगिरी नाही. आपण १ मेगाओहमचे रेझिस्टर वापरले आहेत, आणि कोकणातल्या किंवा गोव्यातल्या जुलैच्या दमट हवेत चिकट फ्लक्सचा थर तेवढ्याच रोधाची वाट स्वतः तयार करतो. मग उन्हाळ्यात उत्तम चालणारा अलार्म पावसात आपोआप वाजू लागतो.

लोकेशनचं काय? याच डबीत ते घालू नका असं माझं ठाम मत आहे. सिम८००एल सारखं मोड्यूल नेटवर्कशी बोलताना २ अँपिअरचे झटके घेतं, ते फक्त २जी वर चालतं आणि जिओवर २जी नाही. ४जी मोड्यूल घेतलं तरी मोठी बॅटरी, सिमचं रिचार्ज, आणि स्लॅबखालच्या पार्किंगमध्ये जीपीएसला आकाश दिसत नाही. एअरटॅगसारखा टॅग वेगळा लपवता येईल, तो स्वस्त पडतो. पण पाठलागाचा छळ रोखण्यासाठी असे टॅग अनोळखी माणसाच्या फोनवर “तुमच्यासोबत एक टॅग फिरतोय” अशी सूचना देतात, म्हणजे चोरालाही कळतं. सायकल पहिल्या तासात शोधायला त्याचा उपयोग आहे, महिन्यानंतर फारसा नाही.

तुमची खरी गरज वेगळी असावी असं मला वाटतं: चौथ्या मजल्यावर राहत असाल तर खालचा भोंगा ऐकू येत नाही. त्यासाठी डबीत ४३३ मेगाहर्ट्झचा फक्त ट्रान्समीटर ठेवा. तो बोंब सुरू झाल्यावरच बोलतो, एरवी त्याला वीजच देऊ नका. सतत ऐकणारा रिसीव्हर घरात, प्लगवर. रिमोटमध्ये जो खर्च सायकलवर पडत होता तो आता भिंतीतल्या विजेवर गेला. मधे स्लॅब किती आहेत त्यावर पल्ला ठरेल, म्हणून आधी प्रयोग करून बघा.

यातलं काहीच कुलूप नाही हेही सांगायला हवं. पैसे मोजकेच असतील तर आधी चांगलं यू-लॉक घ्या आणि फ्रेम हलणार नाही अशा खांबाला अडकवा, अलार्म त्यानंतर. पेडलच्या ॲक्सलखाली फ्रेमवर ठोकलेला क्रमांक असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो आजच काढून ठेवा. तक्रार देताना “निळी सायकल” एवढ्यावर पोलिसांना काही करता येत नाही.

घरात शाळकरी भाऊ-बहीण असतील आणि त्यांना मायक्रोकंट्रोलरविना काही करायचं असेल, तर रीड स्विच, सीडी४०१३ चा लॅच (एकदा चालू झाला की चालूच राहणारं सर्किट) आणि यूएम३५६१ सायरन चिप एवढ्यात चाकाचा अलार्म होतो. सीमॉस असल्याने लॅच झोपेत नगण्य वीज घेतो, पण सायरन चिपची वीज ट्रान्झिस्टरने तोडा. एनई५५५ वापरू नका, तो नुसता बसून काही मिलिअँपिअर खातो. पाऱ्याचे टिल्ट-स्विच जुन्या सर्किटांत दिसतील, तेही नकोत. काच फुटली की पारा मुलांच्या हाताला लागतो.

शेवटी चाचणी. झोपेचा करंट मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर पल्ल्यावर थेट मोजायला गेलात तर चिप जागी होताच मीटरमध्येच व्होल्टेज पडून ती रीसेट होते. सेलच्या वाटेत १ किलोओहम घाला, त्याला समांतर एक स्विच ठेवा. स्विच मिटवून सर्किट सुरू करा, झोपू द्या, मग स्विच उघडून रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट वाचा. १० मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर. मग पहिला आठवडा भोंगा न जोडताच डबी सायकलवर ठेवा आणि कितीदा जाग आली, कितीदा इशारा झाला असता, कल किती होता, हे ईईपीरॉममध्ये लिहीत जा. १ किलोबाइट जागा आहे, पुरेशी आहे. तुमच्या स्टँडचे आकडे माझ्या १२ अंशांपेक्षा जास्त खरे, पातळी त्यावरून ठरवा. आठवड्याअखेर मित्राला सायकल चोरायला सांगा: एकदा कॅरिअर धरून, एकदा ढकलत, एकदा खांद्यावर घेऊन, आणि एकदा अगदी हळू, सगळा वेळ घेऊन. हळू चोरणाराच सेन्सरला चकवतो, कारण हाय-पास फिल्टर सावकाश बदल पुसून टाकतो आणि चिप जागीच होत नाही. तिथे पकडली गेली नाही तर वॉचडॉगने दर ८ सेकंदांनी चिपला उठवून फक्त कल तपासा. त्यासाठी झोपेत ४ मायक्रोअँपिअर जास्त जातील, ते जाऊ द्या.